भांडं सोळाव्या शतकातलं, कागद कधीचा?

सांगलीकडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. गावाकडचं घर मोकळं करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांना एक चित्र मिळालं. आजोबा हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर होते. चित्रात धातूचं नक्षीदार भांडं आहे: दोन कान, कानांच्या मुळाशी शिंगं-दाढीवाले मुखवटे, पोटावर पानवेल, खाली पंजाचे तीन पाय. चित्राखाली बारीक फ्रेंच अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ 'कांस्यपात्र, सोळावं शतक'. उजव्या कोपऱ्यात 'इंप. ए. साल्मों, पारी' असं आहे. डावा कोपरा फ्रेम करणाऱ्यानं कधीतरी छाटलाय, त्यामुळे तिथली अक्षरं गेली. त्यांना चार गोष्टी हव्या आहेत: हे खरंच सोळाव्या शतकातलं आहे का, किंमत किती येईल, टिकावं म्हणून लॅमिनेट करून घ्यावं का, आणि भांड्यावर पेन्सिलीनं फिकट चौकटी आखल्यात त्या खोडाव्यात का. सोबत पाच फोटो पाठवलेत, त्यातला एक पाठीमागचा. हे त्यांनी फार चांगलं केलं. बहुतेक लोक पाठ दाखवतच नाहीत.

लॅमिनेशनचं आधी सांगते, नाहीतर हे वाचून होईपर्यंत तुम्ही दुकानात पोचलेले असाल. अजिबात करू नका. लॅमिनेटरमध्ये प्लास्टिक तापवून कागदात मुरवतात. एकदा मुरलं की ते निघत नाही. मी तीस वर्षं कागद दुरुस्त करतेय. वाळवीनं खाल्लेली, पुरात भिजलेली, डिंकानं पुठ्ठ्याला चिकटलेली चित्रं परत आणता आली, पण लॅमिनेट झालेल्या मुद्राचित्रापुढे दर वेळी हात टेकले. शिवाय एचिंगची, म्हणजे आम्लानं खोदलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राची, शाई कागदावर उभी असते, तिला उंची असते. गरम रोलरखाली ती चेपते, म्हणजे जे जपायचं तेच आधी जातं.

आता वयाचं बोलू. तुमच्या हातातल्या कागदाला एक वय नाही. भांडं घडलं कधी, तांब्याच्या पत्र्यावर ते कोरलं कधी आणि त्या पत्र्यावरून हा एक कागद छापला कधी, ही तीन वयं वेगवेगळी असतात. चित्राखाली लिहिलेलं 'सोळावं शतक' हे फक्त पहिल्याचं वय आहे. तुमच्या घरी छत्रपती शिवाजी महाराजांचं कॅलेंडर असेल तर ते कॅलेंडर सतराव्या शतकातलं होत नाही, तसंच हे. दुकानदार मात्र नेमकी हीच तीन वयं एकमेकांत मिसळतात आणि 'रेनेसान्स (म्हणजे युरोपातल्या नवजागरणाच्या काळातलं) एचिंग' अशी चिठ्ठी लावतात. सोळाव्या शतकात भांड्यांची मुद्राचित्रं निघत नव्हती असं नाही. आगोस्तिनो व्हेनेत्सियानो यानं १५३०-३१ च्या सुमारास रोममध्ये पात्रांची एक मालिकाच काढली. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं असे की रोमचे प्राचीन शिल्पकार ब्राँझ आणि संगमरवरात असं घडवत. एनेआ व्हिको यानं १५४३ मध्ये तशीच पात्रं काढली. पण ती कोरणी हातात धरून थेट तांब्यात कोरलेली आहेत, आम्लानं खोदलेली नाहीत. आणि त्यातली अर्धीअधिक भांडी कधी अस्तित्वात होती की नाही कोण जाणे! सोनार, ओतारी, गवंडी यांना नमुने हवे असत, म्हणून ती काढली जात. आपल्याकडे सोनाराकडे डिझाइनचं पुस्तक असतं ना, तोच प्रकार.

तुमचं चित्र त्या जातीचं नाही, हे 'साल्मों' या एका शब्दावरून कळतं. साल्मों हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला पॅरिसचा छपाईवाला. 'इंप.' म्हणजे छापणारा. अशा कोपऱ्यातल्या तुटक्या अक्षरांना एक ठरलेली भाषा आहे. 'इन्व्ह.' म्हणजे ज्याच्या डोक्यातून निघालं तो, 'डेल.' म्हणजे ज्यानं कागदावर रेखाटलं तो, 'स्क.' म्हणजे ज्यानं पत्रा कोरला तो, 'एक्स्क.' म्हणजे ज्यानं बाजारात आणलं तो. एकाच चित्रामागे चार माणसं असू शकतात. तुमच्या डाव्या कोपऱ्यात बहुधा मासिकाचं नाव असणार. पॅरिसला १८५९ मध्ये 'गाझेत दे बोझार' नावाचं कलेचं मासिक सुरू झालं, ते २००२ पर्यंत चाललं. त्यात मजकुराच्या मधे खरीखुरी एचिंग छापून शिवलेली असत आणि त्यांच्या कोपऱ्यात डावीकडे मासिकाचं, उजवीकडे छापणाऱ्याचं नाव असणं ही नेहमीची मांडणी. तुमच्या फोटोत डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एका ओळीत तीन बारीक भोकं दिसतात. ती किडीची नाहीत. कीड रांगेत चालत नाही. ती शिलाईची आहेत. म्हणजे हा कागद कधीतरी एखाद्या जाड खंडात शिवलेला होता.

त्या काळाचा हा एक छंदच होता. पॅरिस-लंडनच्या, राजघराण्यातल्या नसलेल्या श्रीमंतांनीही जुन्या इटालियन वस्तू जमवायला सुरुवात केली. ब्राँझची दौत, धूपपात्र, खल, घंटा, दिवा, जे मिळेल ते. वस्तू जमल्या की त्यांची चित्रं हवीत. फोटो काढता येत होता, पण फोटो पुस्तकात शाईनं छापायची सोपी आणि टिकाऊ रीत अजून बसलेली नव्हती. म्हणून एचिंग. या कामात जूल जाकमार (१८३७–१८८०) याच्याइतका तयार हात दुसरा झाला नाही असं माझं मत. वडील आल्बेर जाकमार चिनी मातीचे जाणकार. त्यांच्या पोर्सलेनच्या इतिहासासाठी मुलानं चित्रं केली आणि पुढे १८६५ मध्ये फ्रान्सच्या राजखजिन्यातल्या रत्नपात्रांची साठ एचिंग काढली. काच, स्फटिक, सोनं, चिनी माती, प्रत्येकाची रेघ वेगळी. तुमचं चित्र जाकमारचं आहे असं मी म्हणत नाही. नाव कापलं गेलंय आणि त्याची नक्कल करणारे पुष्कळ होते. पण मोजपट्टी म्हणून त्याची एखादी प्रतिमा शोधून शेजारी ठेवून बघा.

इथे थोडं रेंगाळते, कारण या कागदातली खरी गंमत इथेच आहे.

फ्रेंचमध्ये एचिंगला 'ओ-फोर्त' म्हणतात, शब्दशः जहाल पाणी. आपले सोनार ज्याला तेजाब म्हणतात तेच. तांब्याचा पत्रा घासून, खडूच्या पुडीनं तेलकटपणा काढून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात. मग मेणबत्तीच्या धुरानं तो काळा करतात, म्हणजे सुईनं काढलेली रेघ तांबूस चमकताना दिसते. सुई धातूत शिरत नाही, फक्त मेण बाजूला करते. खोदायचं काम आम्लाचं. पत्रा आम्लात बुडवला की उघड्या रेघांत आम्ल तांबं खायला लागतं. जुने लोक नायट्रिक आम्ल वापरत. त्यात रेघांवर बुडबुडे जमतात, ते पाखराच्या पिसानं हलकेच सारायचे. आज आम्ही फेरिक क्लोराइड वापरतो, त्याचा धूर छातीत जात नाही. पहिल्या पाचसात मिनिटांनी पत्रा बाहेर काढायचा, ज्या रेघा फिकट राहायला हव्यात त्यांवर वार्निश लावून झाकायच्या आणि पुन्हा बुडवायचा. परत काढायचा, परत झाकायच्या. सर्वांत काळी रेघ माझ्याकडे पाऊण तास आम्लात राहते. म्हणजे एचिंगमध्ये काळं-पांढरं हाताच्या दाबानं ठरत नाही, घड्याळानं ठरतं.

ही कला मुळात आली चिलखतं नक्षीदार करणाऱ्यांकडून. लोखंडी चिलखतावर आम्लानं वेलबुट्टी खोदायची रीत कागदावर आणली ती जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या डॅनिएल हॉप्फर यानं, पंधरावं शतक संपून सोळावं लागताना. त्याचे पत्रे लोखंडाचेच होते. पुढे तांबं आलं. त्यामुळे धातूच्या भांड्याचं एचिंग पाहताना मला नेहमी वाटतं की ही रेघ आपल्या माहेरी आली.

आता अडचण बघा. चित्रकाराकडे रंग नाही, करडी छटा नाही. फक्त काळी रेघ आणि कोरा कागद. एवढ्यावर वाचणाऱ्याला पटलं पाहिजे की हे ब्राँझ आहे, माती नाही, लाकूड नाही. विद्यार्थिदशेत आम्हाला पितळी तांब्या समोर ठेवून एचिंग करायला सांगितलं होतं. मी मोठ्या मायेनं गोलाई दाखवली. उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू रेघा दाट करत गेले. छापून भिंतीवर टांगलं. सर आले, बघितलं आणि म्हणाले, "मडकं छान झालंय." हसू आलं नाही तेव्हा, पण त्या एका वाक्यात सगळं होतं. माती उजेड पसरवते, म्हणून तिच्यावर उजेडाचा काठ मऊ असतो. धातू उजेड परतवतो. त्याच्यावरचा उजेड अरुंद, धारदार आणि नेमका सर्वांत काळ्या जागेला खेटून असतो. मधली करडी छटा जवळजवळ नसतेच. आणि सावलीच्या बाजूला, अगदी कडेशी, टेबलावरून उसळून आलेल्या उजेडाची एक फिकट पट्टी असते. ती काढली नाही तर भांडं चपटं दिसतं.

तुमच्या तिसऱ्या फोटोत भांड्याचं पोट मोठं करून बघा. वेलीच्या प्रत्येक पानाच्या पाठीवर कोऱ्या कागदाची एक बारीक फट सोडलेली आहे आणि तिच्या लगेच खाली आडव्या-तिरप्या रेघांचा दाट काळोख. मुखवट्याचं नाक, गालाचं हाड आणि भांड्याचा ओठ इथे मात्र फट रुंद आहे. हे उगाच नाही. इटालियन ब्राँझवर काळसर-तपकिरी लेप देत. शतकानुशतकं हात लागून उंच जागांवरचा लेप झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो. देवळातल्या पितळी नंदीचं डोकं जसं चमकतं तसं. तुमच्या चित्रकारानं भांडं नुसतं काढलं नाही, त्याची झीजही काढली. म्हणजे त्यानं वस्तू समोर ठेवून काम केलंय, दुसऱ्या चित्रावरून नाही. मला या कागदावरची सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

भांड्याबद्दलही दोन शब्द. आपण काशाची वाटी म्हणतो त्या काशात साधारण २२ टक्के कथील असतं, म्हणून ते खणखणतं आणि ठिसूळ असतं. इटालियन ओतीव ब्राँझमध्ये कथील त्याहून बरंच कमी, आणि जोडीला जस्त, शिसं असं मिळेल ते. मेणाचं भांडं करून त्याभोवती मातीचा साचा, मग मेण वितळवून तिथे धातू. उत्तर इटलीतलं पदुआ हे याचं मोठं केंद्र. तिथल्या संत आंतोनीच्या बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, आंद्रेआ रिच्चोचा १५१६ मध्ये पूर्ण झालेला जवळजवळ चार मीटर उंच दीपस्तंभ आहे. त्याला लागलेल्या सॅटर, स्फिंक्स, समुद्री प्राण्यांची पिल्लावळ पुढे प्रत्येक दौतीवर आणि धूपपात्रावर उतरली. पदुआच्या नगरसभेसाठी देसिदेरिओ दा फिरेंझे यानं १५३२-३३ मध्ये मतदानाचं नक्षीदार कांस्यपात्र केलं, तेही याच घराण्यातलं. शिंगं-दाढीवाले मुखवटे म्हणजे सॅटर: अर्धा बोकड, अर्धा माणूस, दारूच्या देवाचा सोबती. पानवेल अकँथस नावाच्या कातरलेल्या पानांच्या झाडाची. आणि वेलीतून मधेच माणसाचं धड उगवतं, शेपटीचं पान होतं, तो सगळा प्रकार 'ग्रोटेस्क'. रोममध्ये १४८० च्या सुमारास नीरो बादशहाचा जमिनीखाली गाडलेला महाल सापडला, लोक दोरानं खाली उतरून भिंतीवरची चित्रं बघू लागले. त्या गुहांना 'ग्रोते' म्हणत, त्यावरून हा शब्द.

एक सावधगिरी. भांडं सोळाव्या शतकातलं आहे हे एकोणिसाव्या शतकातल्या मालकाचं म्हणणं आहे. या वस्तूंना भाव आला तसे नवे 'जुने'ही तयार झाले. जर्मनीतल्या आखेन शहरातला राइनहोल्ड फास्टर्स हा सोनार रेनेसान्स पद्धतीची पात्रं इतकी बेमालूम करायचा की ती मोठमोठ्या संग्रहांत खरी म्हणून बसली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची रेखाटनं अभ्यासकांच्या नजरेत आली तेव्हा पितळ उघडं पडलं. म्हणून भांडं आज एखाद्या संग्रहालयात सापडलं तर तिथे आता त्याला कोणतं शतक दिलंय ते बघा. शोधताना एक लक्षात ठेवा: छापताना चित्र उलटं होतं. काळजीवाले चित्रकार वस्तू आरशात बघून कोरत, म्हणजे छाप सुलट येई. सगळेच इतके कष्ट घेत नसत. तुमच्याकडे डावीकडचा मुखवटा तोंड उघडून आहे आणि उजवीकडचा मिटून, ही मोठी खूण आहे. संग्रहालयाच्या फोटोत ते उलटं दिसलं तरी घाबरू नका, भांडं तेच.

आता हे खरं एचिंग आहे की त्याचीच छापील प्रतिमा, हे घरी कसं ओळखाल? घड्याळजीकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा. ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ओळीत, तर पुढे वाचायची गरज नाही. ते यांत्रिक छापकाम. ठिपके नसतील तर रेघेचं टोक बघा. कोरणीनं कोरलेली रेघ शेवटाला तलवारीसारखी निमुळती होते. आम्लानं खाल्लेली रेघ बोथट संपते, तिच्या कडा किंचित खडबडीत असतात. मग खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. गडद रेघांची शाई वळासारखी वर आलेली दिसेल. ओला कागद शाई भरलेल्या पत्र्यावर ठेवून रूळाखालून काढतात, तेव्हा कागद रेघेच्या खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. त्याच दाबानं पत्र्याच्या कडांचा चौकोनी खळगा कागदावर उठतो. तुमच्या चित्रात वर आणि उजवीकडे तो स्पष्ट आहे. नुसत्या खळग्यावर मात्र विसंबू नका. साध्या छापील चित्राला कोरा पत्रा दाबून खोटा खळगा देणारे महाभाग त्या काळीही होते.

फसवणारा खरा गडी म्हणजे हेलिओग्राव्ह्युर. यात चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवून मग आम्लानं खोदतात. शाई वर आलेली, खळगा खरा, रेघ बोथट, सगळं एचिंगसारखं. पॅरिसच्या आमाँ-द्युराँनं या रीतीनं ड्यूरर आणि रेम्ब्रांट या जुन्या थोर चित्रकारांच्या मुद्राचित्रांच्या इतक्या सुरेख प्रती केल्या की आजही त्या मूळ म्हणून विकायचा प्रयत्न होतो. तो बिचारा प्रामाणिक होता, पाठीमागे आपला लाल शिक्का मारायचा. ओळखायची माझी रीत अशी की सर्वांत फिकट आणि सर्वांत काळ्या रेघा शेजारी शेजारी बघायच्या. खऱ्या एचिंगमध्ये त्या वेगवेगळ्या खोलीच्या असतात, काळीवर बोट हलकेच फिरवलं (हात धुऊन!) तर जाणवते. फोटोवरून केलेल्या पत्र्यात रेघा जाड-बारीक असतात, पण खोली बहुतेक सारखीच. तुमच्या चौथ्या फोटोत पायाच्या पंजाजवळ तीन वेगळ्या खोलीच्या रेघा मला दिसतात. म्हणजे पत्रा तीनदा तरी आम्लात गेलाय. फोटोवरून शंभर टक्के सांगत नाही, पण पैज लावायची झाली तर मी एचिंगवर लावीन.

एवढं सगळं असून किंमत? खरं सांगते, राग मानू नका. चांगली फ्रेम केलीत तर फ्रेम महाग पडेल. तांबं मऊ असतं, काही शे प्रती काढल्या की रेघा झिजतात. पण १८५० च्या दशकाच्या अखेरीस पत्र्यावर विजेनं लोखंडाचा अतिसूक्ष्म थर चढवायची युक्ती निघाली आणि त्यानंतर एकाच पत्र्यावरून हजारोंनी प्रती निघू लागल्या. मासिकातली एचिंग त्यातलीच. अक्षरं घालण्यापूर्वी काढलेल्या, रुंद समासाच्या, जपानी किंवा पातळ चिनी कागदावरच्या पहिल्या काही प्रतींना संग्राहक वेगळा भाव देतात. तुमची प्रत अक्षरांनंतरची, मासिकातली आणि वर कोपरा छाटलेली. बाजारात तिला फार कोणी विचारणार नाही. जुनं आहे म्हणून महाग, हा समज टीव्हीनं घातलाय.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मुलगी अमेरिकेला नेईन म्हणते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांवरच्या कलावस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येतात आणि त्या परस्पर देशाबाहेर नेता येत नाहीत. किंमत कमी असो वा जास्त. तेव्हा बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून लेखी घ्या. विमानतळावर समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

सांभाळायचं कसं ते सांगते. कागदाच्या कडेला आतल्या बाजूनं जी तपकिरी चौकट उमटलीय ती जुन्या पुठ्ठ्याच्या आम्लाची. तो पुठ्ठा आधी काढून टाका, पण चिकटला असेल तर ओढू नका. पाठीमागे वरच्या कडेला सेलोटेप आहे. तिचं प्लास्टिक गळून पडलं तरी पिवळा गोंद कागदात मुरून बसतो. हे घरी करायचं काम नाही, कागदाच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. तपकिरी ठिपके ही दमटपणाची देणगी आहे. ते पुसायला ब्लीच, लिंबू, ऊन, पावाचा चुरा यातलं काहीही वापरू नका. माझ्याकडे एका घरातून असं चित्र आलं होतं ज्यावर कोणीतरी हौसेनं ब्लीच फिरवलं होतं. ठिपके गेले, कागद दोन वर्षांत पापडासारखा मोडायला लागला.

फ्रेम करायचीच तर आम्लमुक्त सुती बोर्ड मागा, चित्र गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं आणि जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी फक्त वरून टांगलेलं असू द्या, आणि चित्र काचेला टेकता कामा नये. बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे पावसात जिला ओल येते तिथे, लावू नका. फ्रेमच्या मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागे हवा खेळते. ऊन थेट पडायला नको. आणि छाटायचं नाही! फ्रेमवाल्याला चित्र फ्रेमच्या मापाचं करायची खोड असते. माप चित्राचं घ्यायचं, चौकट त्याप्रमाणे करायची. तुमचा डावा कोपरा याच खोडीनं गेला.

राहिल्या पेन्सिलीच्या चौकटी. मी पाठीमागचा फोटो आधी बघितला, तिथे तुमच्या आजोबांच्या अक्षरात 'इंटरमिजिएट, वस्तुचित्र व नक्षी' असं काहीसं लिहिलेलं आहे. मग पुढचं लक्षात आलं. त्या चौकटी मोठं करून काढण्यासाठी आखलेल्या आहेत: चित्रावर समान चौकोन पाडायचे, फळ्यावर तेवढेच पण मोठे चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनातली रेघ तिकडे न्यायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचा अभ्यासक्रम ज्या मुशीतून आला ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या कलाशाळेची. तिथल्या संग्रहालयाला पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव मिळालं. तिथे इटालियन पात्रं, अकँथसची पानं, प्लास्टरचे नमुने यांवरून हात घटवत. जॉन लॉकवुड किपलिंग तिथलं काम करूनच १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवायला आला आणि ती रीत इथल्या वर्गांत रुजली. तुमच्या आजोबांकडे पॅरिसच्या मासिकातलं हे पान कोणत्या रद्दीतून आलं ते कळायला मार्ग नाही, पण ते का ठेवलं ते या चौकटी सांगतात. भांड्याच्या पोटाला आडवे आठ आणि उभे दहा चौकोन आहेत. उजव्या कानाजवळ एका चौकोनात दोनदा खोडून पुन्हा रेघ मारलेली आहे. तिथे वळण जमत नसणार, ते तसं कोणालाच लवकर जमत नाही.

मी खोडणार नाही. बाजारवाला म्हणेल डाग आहे, म्हणू दे. फ्रेमवाल्याला मात्र आधीच बजावा, नाहीतर तो उपकार म्हणून रबर फिरवून देईल. आणि ट्रंक अजून फेकली नसेल तर तळाचा वर्तमानपत्राचा कागद उचलून बघा; आठ बाय दहाच्या मोठ्या चौकोनांत काढलेलं हेच भांडं खाली कुठेतरी गुंडाळून ठेवलेलं असू शकतं.